शाळेचं रिपोर्ट कार्ड अ‍ॅप: अडीच स्टार, त्यातला दीड एकट्या हजेरीचा

पाचपैकी अडीच देतेय आणि त्यातला दीड स्टार हजेरीवाल्या स्क्रीनचा आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना फक्त चांगलं की वाईट एवढंच बघायचंय त्यांना पुढचं सगळं वाचायला नको. तसंही घ्यायचं की नाही हे आपल्या हातात कुठे असतं, शाळा ठरवते, आपल्याला फक्त ओटीपी येतो. नाव लिहीत नाहीये, अ‍ॅपचंही नाही आणि शाळेचंही नाही, कारण पोरगी अजून तिथेच शिकतेय, आणि मैत्रिणींनी त्यांच्या मुलांच्या शाळांचे स्क्रीनशॉट दाखवले त्यावरून सांगते, रंग आणि लोगो सोडला तर ही अ‍ॅप्स आतून बरीचशी सारखीच असतात. डॅशबोर्ड, विषयवार मार्क, ग्रेड, आलेख, टीचर रिमार्क, वर्तन, शेवटी पीडीएफ. तुमच्याकडे दुसरं असेल तरी यातलं बरंच लागू पडेल.

मुलगी सहावीत आहे. आधी कागदी प्रगतीपुस्तक यायचं, बघायचं, सही करायची, परत पाठवायचं, विषय संपला. आता सगळं फोनवर आणि सगळं लगेच.

चांगलं ते आधी. हजेरी आणि राहिलेलं काम हा भाग खरंच कामाचा आहे. पहिल्या तासाला गैरहजर मांडलं की मेसेज, वर्कशीट जमा झाली नाही की त्याच दिवशी मेसेज. घरी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "झालंय सगळं", आणि आपण ते खरं मानतो कारण मानायचं असतं. पीटर बर्गमन म्हणून एक अर्थशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी लॉस एंजेलिसमधल्या एका शाळेत हेच करून बघितलं होतं, काही पालकांना मुलांनी न दिलेल्या असाइनमेंट्सची माहिती मेसेज-फोन करून कळवत राहिले, बाकीच्यांना नाही, आणि ज्यांना कळवलं त्यांच्या मुलांचे मार्क सुधारले. आपलं मूल किती कष्ट घेतंय याचा पालकांचा अंदाज बराच चढा असतो हेही त्यात निघालं, जे वाचून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. नंतर वेस्ट व्हर्जिनियातल्या २२ शाळांमध्ये असे मेसेज आपोआप जातील अशी सोय केली तर विषयात नापास होण्याचं प्रमाण पाव हिश्श्याहून जास्त कमी झालं. म्हणजे अ‍ॅपने पालकांना कळवणं ही कल्पना वाईट नाहीच, फक्त काय कळवायचं तिथे गाडी घसरते. "भूगोलाचा नकाशा दिलेला नाही" हे कळलं की मी काहीतरी करू शकते. "एकूण ८१.३७ टक्के" कळल्यावर मी नेमकं काय करायचं?

या ८१.३७ वरच थोडं थांबते, कारण अ‍ॅप उघडलं की सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच दिसतं. दशांश चिन्हाच्या पुढे दोन आकडे! जणू काही पोरीला प्रयोगशाळेच्या काट्यावर ठेवलंय. स्टार्च आणि एलियट या दोन अमेरिकन संशोधकांनी १९१२ मध्ये इंग्रजीचे दोन पेपर जसेच्या तसे छापून खूप शाळांमध्ये तपासायला पाठवले, १४२ शिक्षकांचे मार्क परत आले, आणि एकाच पेपरला कुणी ६४ दिले होते तर कुणी ९८, दुसऱ्याला ५० पासून ९७ पर्यंत. लोक म्हणाले भाषा आहे, होणारच असं, गणितात नाही होणार. पुढच्या वर्षी भूमितीचा पेपर पाठवला तर तो २८ पासून ९० च्याही वर गेला, कारण कुणी अस्वच्छतेचे मार्क कापले, कुणी पद्धत बरोबर म्हणून दिले, कुणी फक्त शेवटचं उत्तर बघितलं. शंभर वर्षं उलटून गेली याला. तेव्हा तपासणारा माणूस बदलला की २०-३० मार्क इकडचे तिकडे होत असतील तर ते पॉइंट तीन सात कशाला दाखवायचं, आणि वर खाली बाण कशाला? आमच्याकडे एका आठवड्यात ८१.३७ चं ८०.९२ झालं म्हणून लाल बाण आला होता खाली तोंड करून, आणि नवरा ऑफिसमधून फोन करून विचारतोय काय झालं. काही झालं नव्हतं रे, चित्रकलेचे मार्क भरले गेले होते.

आता शून्याचा प्रकार. हा ज्यांच्याकडे असलं अ‍ॅप आहे त्यांनी आजच तपासा. टेस्टच्या दिवशी मूल आजारी असेल तर शिक्षक 'एबी' म्हणजे अ‍ॅब्सेंट लिहितात, कागदावर ते एबीच राहायचं, पण इथे आमच्या अ‍ॅपने त्याचा शून्य धरला. समजा तीन टेस्टमध्ये ८०, ८५ आणि ९० पडलेत, सरासरी ८५, झकास. चौथ्या टेस्टला ताप होता, एबी, म्हणजे शून्य, आणि सरासरी झाली ६३.७५. मूल तेच, अभ्यास तोच, फक्त एका दिवसाच्या तापाने चांगली ग्रेड जाऊन मधली आली. शंभराच्या मोजपट्टीवर शून्य हा आकडा बाकीच्यांपासून इतका लांब असतो की तो एकटा सगळ्यांना खाली ओढतो, म्हणून तर काही शाळांनी शून्य द्यायचंच बंद केलंय, किमान ५० वरून सुरुवात करतात, आणि त्यावरही शिक्षकांमध्ये कडाक्याची भांडणं चालू असतात की काहीच न करणाऱ्याला ५० का द्यायचे म्हणून. दोन्ही बाजूंचं मला पटतं. पण आजारी मुलाला शून्य यावर तर कुणाचं भांडण नसावं ना.

सरासरीचा अजून एक घोळ आहे जो अ‍ॅपच्या आलेखाखाली झाकला जातो. एका मुलाला अपूर्णांकात आधी ४०, मग ६०, मग ८०, मग ९० पडले. दुसऱ्याला नेमके उलटे, ९० वरून ४० वर. दोघांची सरासरी ६७.५, दोघांना एकच ग्रेड, दोघांच्या नावापुढे तोच पिवळा गोल. पहिल्याला आता अपूर्णांक येतात आणि दुसऱ्याचं काहीतरी गंभीर बिनसलंय, आणि दुसऱ्याच्या आईला तो पिवळा गोल बघून काहीच कळणार नाही. जिथे शिकलेल्या गोष्टीनुसार ग्रेड देतात, म्हणजे 'हे कौशल्य आलं की नाही आलं' अशी पद्धत असते, तिथे बऱ्याचदा अलीकडची कामगिरी जास्त धरतात, जुन्या चुका मुलाच्या मानेवर वर्षभर बसवत नाहीत. आमच्या अ‍ॅपमध्ये वेटेजचं एक पान आहे म्हणे, पण ते फक्त शाळेच्या लॉगिनला दिसतं. मी विचारलं तेव्हा कळलं की प्रोजेक्टला २० टक्के आहेत. प्रोजेक्ट कोण करतं हे आपल्याला सगळ्यांनाच माहितीये, तेव्हा त्या २० टक्क्यांत माझे किती आणि पोरीचे किती हे जाऊ द्या.

ग्रेडच्या अक्षरांबद्दल फार लिहीत नाही. एवढंच, की ए म्हणजे काय हे कुठेच ठरलेलं नाहीये. अमेरिकेतल्या माउंट होलिओक कॉलेजने १८९७ मध्ये अक्षरी ग्रेड सुरू केल्या तेव्हा ए मिळायला ९५ लागायचे आणि ७५ च्या खाली नापास. फिनलंडमध्ये ४ ते १० अशी पट्टी आहे आणि ४ म्हणजे नापास, जर्मनीत १ सगळ्यात भारी आणि ६ सगळ्यात वाईट, डेन्मार्कच्या पट्टीत तर उणे ३ पण मिळतात. माणसांनी सोयीसाठी आखलेल्या रेषा आहेत त्या. म्हणून ७९.६ ला बी आणि ८० ला ए देताना अ‍ॅपने जो हिरव्याचा केशरी रंग केला तो बघून घरात सुतक पाळायची गरज नसते. पण सहावीतल्या पोरीला हे सांगून बघा! तिला रंग दिसतो.

आणि मला तो रंग तिच्या आधी दिसतो, इथे माझा एक अख्खा स्टार गेला. शिक्षकांनी संध्याकाळी मार्क भरले की मला लगेच 'नवीन निकाल उपलब्ध' असं नोटिफिकेशन येतं, पेपर मात्र तिच्या हातात चार दिवसांनी पडतो. म्हणजे चार दिवस मला माहीत आहे की विज्ञानात कमी पडलेत आणि तिला माहीत नाहीये, किंवा तिला अंदाज आहे आणि ती माझा चेहरा वाचतेय. बरं मला तरी काय माहीत आहे, २५ पैकी ११ एवढंच, कुठे चुकलं, प्रश्न कळला नाही की वेळ पुरला नाही की उत्तर उलट लिहिलं, काही नाही. पेपर हातात नसताना मार्कांवर बोलणं म्हणजे नुसता वाद, आणि तो झाला आमच्याकडे एकदोनदा. आधी मूल घरी येऊन स्वतः सांगायचं, कधी लगेच, कधी दोन दिवस दप्तरात लपवून. ते लपवणंसुद्धा एक प्रकारचं सांगणंच होतं हो, आईला कळतं. आता ती सांगतच नाही, कारण "तुला आलंच असेल ना अ‍ॅपवर". अ‍ॅप बनवणाऱ्यांना एवढंच म्हणणं आहे की मार्क आधी मुलाला दिसू देत, एकदोन दिवसांनी पालकांना, एक साधी सेटिंग आहे ही, पण नाहीये.

रिमार्क. इथे मी हसावं की रडावं. प्रत्येक विषयाखाली टीचर रिमार्क आहे, आणि तो शिक्षक टाइप करत नाहीत, यादीतून निवडतात. 'क्षमता चांगली, अधिक प्रयत्नांची गरज.' हे वाक्य माझ्या पोरीला तीन विषयांत आलंय, तिच्या मैत्रिणीला चार विषयांत, आणि एका मुलाच्या आईने दाखवलं तर त्याच्या रिमार्कमध्ये 'ती वर्गात लक्ष देते' असं होतं. शिक्षकांना दोष देत नाही मी. ४०-५० मुलं, एकेकाचे सात-आठ विषय, आणि भरायची मुदत शुक्रवार, तर माणूस यादीतूनच निवडणार. पण मग तो रकाना ठेवायचाच कशाला.

कारण रिमार्कमध्ये खरी ताकद असते, मार्कांपेक्षा जास्त. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्राएलमधल्या शाळकरी मुलांवर एक अभ्यास केला, पाचवी-सहावीची मुलं, म्हणजे बरोब्बर माझ्या पोरीच्या वयाची. काहींना फक्त ग्रेड दिली, काहींना फक्त लेखी शेरा दिला, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली आणि त्यांचा रसही टिकला. गंमत म्हणजे ज्यांना दोन्ही मिळालं ती फक्त ग्रेडवाल्यांसारखीच वागली, म्हणजे बाजूला आकडा दिसला की शेऱ्याचा उपयोग जवळजवळ उडूनच गेला. आपणही तेच करतो की, आधी आकडा बघतो, मग बाजूच्याचा आकडा विचारतो, शेरा वाचायचा राहतो. आता हे अ‍ॅप बघा: मार्क नोटिफिकेशनमध्ये, ग्रेड मोठ्या गोलात, वर्गाची सरासरी रेषेने, 'तुमचं मूल पहिल्या २५ टक्क्यांत' अशी पट्टी (नंबर काढत नाही म्हणतात आणि हे काय आहे मग), आणि शेरा कुठे तर 'अधिक पाहा' दाबल्यावर सगळ्यात खाली, करड्या रंगात. एखाद्याने तो अभ्यास वाचून मुद्दाम उलटं केलंय असं वाटावं.

तुलनेसाठी सांगते. त्याच आठवड्यात गणिताच्या मॅडमनी तिच्या वहीत पेनने दोन ओळी लिहिल्या होत्या: "भागाकार नीट करते. शाब्दिक उदाहरणात कोणती क्रिया करायची ते न ठरवताच आकडेमोड सुरू करते, आधी चित्र काढून बघायला सांगा." बस. आम्ही दोघी बसलो, चार उदाहरणांची नुसती चित्रं काढली, सोडवली पण नाहीत, आणि तिसऱ्या चित्राला ती स्वतःच म्हणाली, "अगं हे तर वजाबाकीचं आहे." अ‍ॅपवर गणित अजूनही बी दाखवतंय, दाखवू दे. दोन ओळींत काय येतं, काय अडतं आणि घरी काय करायचं असं तिन्ही होतं, अ‍ॅपच्या पंधरा स्क्रीनमध्ये मिळून एकही नाही.

आणि हे फक्त माझं भाबडं मत नाहीये. मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांनी नापास झालेल्या हायस्कूलच्या मुलांच्या उन्हाळी वर्गात एक प्रयोग केला होता, शिक्षकांकडून दर आठवड्याला पालकांना त्या त्या मुलाबद्दल फक्त एक वाक्य पाठवायचं. तेवढ्यावर क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याची नोंद, न मिळवू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण ४१ टक्क्यांनी घटलं. त्यातही कौतुकाच्या वाक्यापेक्षा 'अजून काय सुधारायला हवं' सांगणाऱ्या वाक्याचा परिणाम जास्त दिसला. एक वाक्य! आमच्या अ‍ॅपवरून दिवसाला पाच नोटिफिकेशन येतात, त्यातलं एक बस आणि एक फीचं.

वर्तनाचे गुण पण आहेत, दहापैकी. नीटनेटकेपणा, सहकार्य, नेतृत्व. माझी पोरगी शांत आहे, अक्षर छान आहे, तिला सगळ्यात नऊ. नेतृत्वातही नऊ, जी मुलगी वर्गात पाणी प्यायला जायची परवानगी मागायला लाजते. थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले होते, तेव्हा हेच आढळलं होतं की एका बाबतीत माणूस चांगला वाटला की हुशारीपासून स्वभावापर्यंत सगळ्याच रकान्यांत चांगले गुण पडतात, एकाची छाया दुसऱ्यावर. मग वर्गात जो मुलगा सारखा प्रश्न विचारतो, चुळबुळ करतो, त्याला विज्ञानातसुद्धा किती सुटत असतील कुणास ठाऊक. हा भाग मी सरळ बघत नाही.

पालकसभेचं बुकिंग अ‍ॅपवरून होतं, ते सोयीचं आहे, रांग नाही, हे अर्धा स्टार. पण स्लॉट आठ मिनिटांचा, आणि त्यात पाच मिनिटं मॅडम आणि मी दोघी टॅबवर तोच डॅशबोर्ड बघत बसतो जो मी घरी बघितलाय. स्वीडनमध्ये दर सत्राला विकासाची चर्चा म्हणून बैठक होते त्यात मूलसुद्धा बसलेलं असतं, शिक्षक, पालक आणि ते स्वतः, पुढे काय करायचं ते तिघं मिळून बोलतात. आमच्याकडे पोरगी बाहेर बाकावर बसून दाराकडे बघत असते, आत तिच्याबद्दलच बोलणं चाललेलं. पुढच्या वेळी मी तिला आत घेऊन जाणार आहे, आणि टॅब बंद ठेवायला सांगणार आहे, बघू काय म्हणतात.

उरलेला अर्धा स्टार जुन्या नोंदी सापडतात त्याचा. मागच्या वर्षीचं काय होतं ते दोन बोटांत मिळतं, कागद हरवायची भीती नाही, पीडीएफ काढून ठेवता येते. दोन्ही पालकांना वेगळं लॉगिन मिळतं हेही बरं, सगळ्या घरांत दोघं एकत्र राहतातच असं नाही.

ज्यांच्या शाळेत हे नव्याने येतंय त्यांनी पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन निकालाचं नोटिफिकेशन बंद करा आणि हजेरी-गृहपाठाचं चालू ठेवा, तेवढ्याने घरातली अर्धी कटकट जाते. तुलनेची पट्टी आमच्यात 'डिस्प्ले' मध्ये लपवता येते, तुमच्यात बघा. शाळेला लेखी विचारा की एबी कसा धरता आणि कशाला किती वेटेज आहे, तोंडी विचारलं की "ते सिस्टिम करते" एवढंच ऐकायला मिळतं. आणि शिक्षकांना टक्के विचारूच नका, ते तुमच्याकडे आहेतच, विचारायचं ते हे की एखादी गोष्ट सांगा जी तिला आता येत नाहीये आणि महिन्याभरात यायला हवी. आमच्या विज्ञानाच्या सरांना मी हे विचारलं तर ते दोन मिनिटं विचार करत बसले आणि मग म्हणाले, निरीक्षण आणि निष्कर्ष यातला फरक तिला लिहिता येत नाही, दोन्ही एकातच कोंबते. त्या २५ पैकी ११ चा अर्थ मला तेव्हा लागला.

एबीच्या शून्याबद्दल सपोर्टला मेल केला होता. उत्तर आलं की ही सेटिंग शाळेकडे आहे. शाळेच्या ऑफिसात गेले तर म्हणाले ते अ‍ॅपवाल्यांकडे आहे. दोन्ही उत्तरं एकाच मेलमध्ये जोडून दोघांनाही परत पाठवलीयेत, अजून कुणाचंच उत्तर नाही, शून्य तिथेच आहे.